हौसाबाईचं दुखणं आणि गेनबाची वही

एका गावात एक भोळा नवरा होता. नाव गेनबा. भोळे नवरे गावोगाव असतात, पण हा सांगितलेलं सगळं ऐकायचा, तेच वाईट होतं.

त्याची बायको हौसाबाई. धाकट्याच्या बाळंतपणापासून तिला संडास धरवत नसे. कळ आली की उठेपर्यंत साडी खराब. बाई हळदीकुंकवाला जाईना, एसटीत बसेना. कुणाकडे गेली तर आधी संडास कुठं आहे ते बघायची. लाजेपायी वीस वर्षं तिनं हे कुणाला सांगितलं नाही. पण आता लेकीचं, शालनचं, लग्न चार महिन्यांवर आलं होतं. कन्यादानाला तास-दोन तास पाटावर बसायचं होतं.

"तिथं कायतरी झालं तर मी तोंड कुठं लपवू?" ती गेनबाला म्हणाली.

मग ती तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी तपासलं. "ऑपरेशन नको. तीन उपाय आहेत, एकेक सुरू करू. कशानं किती गुण येतो ते वहीत लिहा." हौसाबाईला लिहिता येत नव्हतं. वही गेनबाकडे आली. पुढचा उपाय विचारायला जायचं कामही त्याच्याचकडे आलं.

पहिला उपाय इसबगोल. "पातळ होत असेल तर चमचाभर पाण्यातून द्या, घट्ट होईल." गेनबानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी होणारे व्याही रंगराव याद्या करायला आले. चहा जरा पातळ झाला होता. गेनबानं पातेल्यात सात माणसांचे सात चमचे टाकले. मानपानाची बोलणी लांबली. रंगरावांनी कप तोंडाला लावला. चहा येईना. उपडा केला. तरी येईना.

"पावणं, ह्यो चहा हाय का खळ?"

"पातळ होता," गेनबा म्हणाला आणि वहीत लिहून ठेवलं.

गेनबा पुढचा उपाय विचारायला गेला, तेव्हा डॉक्टरीणबाई वैतागल्या. "दिसेल त्यात काय टाकता? माणसाच्या पोटात काय गेलं ते बघा. आता दुसरा उपाय. जेवण झालं की वीस मिनिटांनी संडासात बसवा. होवो न होवो, वेळ चुकवायची नाही. त्यानं आतड्याला सवय लागते." गेनबानं मान डोलावली.

बस्त्याच्या दिवशी रंगराव आणि विहीणबाई जेवायला होते. रंगरावांच्या पाच पुरणपोळ्या गेल्या. पोटात काय गेलं ते गेनबानं नीट बघितलं. विसाव्या मिनिटाला त्यांचा हात धरला.

"चला."

"कुठं?"

"संडासाला."

"मला न्हाई लागली."

"हुवो न हुवो. वेळ झाली."

आत बसवून त्यानं बाहेरून कडी घातली. रंगराव दार बडवू लागले. विहीणबाई म्हणाल्या, "असलं घर नको आमाला." हौसाबाईनं पाय धरले म्हणून लग्न टिकलं. आपल्या दुखण्यापायी लेकीचं मोडत होतं, म्हणून ती न्हाणीत जाऊन रडली. मग डोळे पुसले आणि वेळ झाली म्हणून स्वतः संडासात जाऊन बसली. बाई नेमाची पक्की होती.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "कुणाला हात लावायचा नाही! तिसरा उपाय व्यायामाचा. वारा सरू नये म्हणून आपण खालून आवळून धरतो, तसं धरायचं, दहा मोजायचे, सोडायचं. बाहेरून कुणाला कळत नाही. स्वतः मोजलं की घाई होते, म्हणून तुम्ही मोजा. दिवसातून तीनदा. दुपारी साडेबाराची वेळ चुकवू नका. आणि चारचौघांत हौसाबाईंचं नाव घेऊ नका." गेनबानं मान डोलावली.

दोन महिने सुरळीत गेले. गेनबा मोजायचा, हौसाबाई धरायची. इसबगोल आणि वेळेवर बसणंही चालूच होतं. साडी कोरडी राहायला लागली. एकदा ती एसटीनं बहिणीकडे जाऊन आली आणि आल्यावर नुसती हसत बसली.

लग्नाचा दिवस आला. मुहूर्त बारा पस्तीसचा. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, हौसाबाई लेकीच्या मागे उभी. गेनबानं घड्याळ बघितलं. साडेबारा. हात लावायचा नाही. नाव घ्यायचं नाही. वेळ चुकवायची नाही. त्यानं भटजींच्या हातातला माइक घेतला.

"मंडळी, सगळ्यांनी खालनं आवळून धरा."

लग्नात कुठला विधी कशासाठी, हे कोण विचारतं? तीनशे माणसांनी धरलं. "एक... दोन... तीन..." मंडप गपगार. नवरदेव लाल झाला. भटजींनी डोळे मिटले. "...नऊ... दहा. सोडा!"

सगळ्यांनी सोडलं. मामांनी अंतरपाट सोडला. बायकांनी अक्षता सोडल्या. आणि पुढच्या खुर्चीतल्या रंगरावांनी जे सोडलं ते माइकनं वेशीपर्यंत पोचवलं.

हौसाबाई मात्र कोरडी ठणठणीत होती. मुहूर्त पाच मिनिटं आधीच लागला, पण कन्यादानाला ती दोन तास पाटावर बसली. विहीणबाई हळूच तिच्या कानाशी आल्या. "त्या डॉक्टरीणबाई कुठं बसतात वो? माझंबी थोरल्याच्या येळेपासनं असंच हाय."

"माझ्यासंगट चला," हौसाबाई म्हणाली. "फकस्त आमच्या ह्यांना विचारू नका."

पुढच्या आठवड्यात सगळे जीपनं तालुक्याला गेले. रंगरावांचीच जीप.

"कशानं जास्त गुण आला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एका कशानं न्हाई. तिन्हीनं मिळून," हौसाबाई म्हणाली.

बाईंनी वही उघडली. आत तीनच ओळी होत्या.

'इसबगोल: रंगरावांना गिळेना.
वेळेवर बसवणे: रंगराव बसले, झाली नाही.
आवळून धरणे: हौसाला जमलं. रंगरावांना जमलं नाही.'

"अहो, हे रंगराव कोण? आणि ते कुठं आहेत?"

"हितंच की, मागच्या संडासात," गेनबा म्हणाला. "जेवून वीस मिन्टं झाल्ती. पण बाई, ह्या खेपेला हात न्हाई लावला. ते आपणहून गेलं. मी नुसती कडी घातली."