ग्रुपचा पुरावा

केरबा घरच्यांना आणि शेजाऱ्यांना घेऊन क्रूझच्या बुकिंगला आला. एकमेकांच्या ओळखीतल्या ग्रुपलाच असलेली सवलत मिळाली नाही, तर पैसे कमी पडून मालूआत्याला मागे ठेवावं लागणार होतं. आणि आत्या तर खिडकीच्या खोलीवरून शेजारच्या हौसाबाईंशी कडाकडा भांडत होती.

"आडनावं वेगळी, वर ही भांडणं! सवलतीसाठी रस्त्यावरची माणसं गोळा केलीत," मॅनेजर ताम्हनकर खेकसले.

बुजऱ्या केरबाने मान वर केली. "परकी माणसं एवढ्या हक्कानं भांडतात होय? साहेब, दोघींतल्या एकीला दरडावून तर बघा."

ताम्हनकर आत्यावर ओरडले, "ए म्हातारे, गप्प बस!"

हौसाबाईंनी पदर खोचला. "म्हातारी कुणाला म्हणतोस रे? तिला काय बोलायचं ते मी बोलीन. तू कोण?"

खुर्ची मागे सरकवत ताम्हनकरांनी सगळ्यांना सवलत लावली.