दाद दिलेली जागा

"पण बुवा, तुम्हाला आवडलं की नाही?"

विश्रामबुवा डोळे मिटून बसले होते. हेरंब त्यांच्याकडे सात वर्षं गाणं शिकला, मग शहरात शास्त्रज्ञ झाला. आता गावच्या नदीत त्याने वर्षभर यंत्र ठेवलं होतं. पाण्यात प्राणवायू किती, मळ किती, सगळे आकडे त्याने स्वरांत उतरवले होते. नदीचं गाणं! उद्या गावच्या सभागृहात ते वाजणार होतं; आज त्याने ते आधी बुवांना ऐकवलं होतं.

"गोड आहे," बुवा म्हणाले. "म्हणजे नदी खुशाल आहे."

"छे हो! मरतेय ती. वैशाखात तर पाण्यात प्राणवायूच उरला नव्हता. मासे पोट वर करून तरंगत होते."

"ते कुठे आलं गाण्यात?"

"बाराव्या मिनिटाला."

"तिथे तर मी 'वाहवा' म्हणालो..."

हेरंब गडबडला.

"त्याचं काय आहे बुवा... तिथले स्वर फार बेसूर येत होते. मग मी ते जरा सुरात बसवले. शेवटी तुमचा शिष्य आहे मी!"

बुवांनी शेजारची काठी उचलली, तिचं टोक हेरंबच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवलं आणि सगळा भार देऊन उभे राहिले.

"आई गं! मेलो!"

बुवांनी कान देऊन ऐकलं.

"पंचम लागला नाही. पुन्हा ओरड. सुरात."

"बुवा, काठी काढा आधी!"

"आधी सूर."

...

काठी निघाली. हेरंब बराच वेळ अंगठा चोळत बसला. मग त्याने मुकाट्याने संगणक उघडला आणि न सुधारलेलं मूळ गाणं लावलं.

बाराव्या मिनिटाला असा काही चिरका आवाज निघाला की ओसरीवरचं मांजर कौलांवर चढलं. बुवांनी दोन्ही हातांनी कान दाबले. पण उठले नाहीत. शेवटपर्यंत बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बघा!" हेरंब रडकुंडीला आला. "उद्या हे वाजवलं तर अर्ध्यात लोक उठून बाहेर जातील."

"सभागृहाचं दार कुठे उघडतं?"

"नदीवर."

"मग उठू देत की."