कुंदा आणि सुरंगीची नियमवाली परी

पहाटेच्या निळसर उजेडात, दवाने भिजलेल्या पायवाटेने कुंदा रोज सुरंगीच्या राईत जायची. पायांत चप्पल नाही, परकराला ठिगळं, पोटात नुसता कोरा चहा. सुरंगीचे इवले इवले, मोत्यांसारखे कळे ऊन चढायच्या आत खुडावे लागतात. एकदा उमलले की त्यांचा वळेसर, म्हणजे केसांत माळायचा गजरा, होत नाही. आणि वळेसर झाला नाही, तर कुंदाच्या घरी चूल पेटत नाही.

तिच्या मागून तिचा धाकटा भाऊ बाबल चालायचा, गप्प गप्प. गेल्या हंगामात तो घाईघाईने शेंड्यावर चढला, फांदी मोडली आणि तो पडला. हाडं शाबूत राहिली, पण आवाज गेला. डॉक्टर झाले, नवस झाले. शेजारणी म्हणाल्या, आता सवय करून घ्या. कुंदा म्हणाली, मी नाही करणार.

एके दिवशी बाबल खाली पडलेले कळे वेचत होता. वर फांदीवर कुंदाला एक कळा थरथरताना दिसला. त्याला तांबड्या हुमल्यांनी घेरलं होतं. हुमले मुंग्यांपेक्षा मोठे आणि चावायला पक्के. कुंदाने फांदी खाली ओढून ते एकेक करून बोटांनी उचलले. बोटं सुजून लालभडक झाली, तरी तिने शेवटचा हुमलासुद्धा न चिरडता पानावर सोडला.

कळा चटकन उमलला. आत बसली होती एक पिटुकली परी, करंगळीएवढी. पांढरेशुभ्र झुळझुळीत पंख, केसांत पिवळा पराग, अंगावर दवाची चमचम.

परी म्हणाली, तुझ्या मनातल्या कुठल्याही पहाटेत मी तुला परत नेईन. कुंदाने बाबल पडला ती पहाट मागितली. पण परीचे नियम होते: तिथे फक्त बघायचं. कुणाला शिवायचं नाही. माणूस शिवलं तर ते त्याच पहाटेत अडकून राहतं, आणि परी शिवली तर तिचा नुसता उजेड होतो.

"बघून काय करू?" कुंदा म्हणाली. "ते मी रोज डोळे मिटले की बघते."

परी खाली बघू लागली. मग हळूच म्हणाली, "मीही बघितलं होतं. मी याच फांदीवर होते."

"आणि तू त्याला धरलं नाहीस?"

"नियम होता गं."

"कुणी केला?"

परी पंखांवरचं दव झटकत बसली. कुंदाचे डोळे भरून आले होते, पण आवाज जराही हलला नाही. "मी धरणार," ती म्हणाली. "अडकले तर अडकले. तिथे उभी राहून बघत बसणार नाही."

परीने पंख फडफडवले. हिरवं, सोनेरी, जांभळं असं काहीतरी गरगर फिरलं, आणि त्या दोघी गेल्या हंगामातल्या त्या पहाटेत उतरल्या. वर शेंड्यावर बाबल जोरजोरात गात होता. कडाड! कुंदा परकराची झोळी पसरून धावली. झोळी इतकी छोटी, उंची इतकी मोठी. तिला ते दिसत होतं, तरी ती धावली.

ती पोचायच्या आत परीने झेप घेतली. करंगळीएवढी परी, पण तिने पंख पसरले तेव्हा अख्खी राई त्यांखाली आली. (कसं, ते मला विचारू नका. मी घरी दोनदा सांगून बघितलं, दोन्ही वेळा मुलांना पटलं आणि मला नाही.) बाबल त्या मऊ पंखांवरून घसरत अलगद गवतावर उतरला.

परीच्या पंखांच्या कडा उजळू लागल्या होत्या.

"तू का धरलंस?" कुंदाने रडत विचारलं. "मी धरणार होते ना."

"तुला घरी जायचंय," परी हसली. "आणि खरं सांगू? नियम कुणी केला, ते मी कधी विचारलंच नव्हतं."

मग तिचा उजेड झाला. आधी काजव्याएवढा, मग दिव्याएवढा, मग पानापानांत, दवाच्या थेंबाथेंबांत, सगळीकडे. कुंदाने डोळे घट्ट मिटले.

उघडले तेव्हा ती आजच्या पहाटेत, झाडाखाली उभी होती. बोटं अजून ठणकत होती. राईत सुरंगीचा वास दाटला होता, आणि झाडाच्या मधल्या, जाड फांदीवरून कुणीतरी तिच्यावर खेकसत होतं,

"गो ताय, आभाळाकडे काय बघतंस? परडी धर आधी."