लसणाच्या वासाचा खडा

"मग रेघ कुठे ओढू, चाचा?"

पिराच्या ओट्यावर बसून लतीफचाचा दिव्याच्या वाती वळत होते. खाली टेकडीच्या पोटात तांब्याची जुनी खाण. ती बंद पडल्यापासून चाचा इथेच असतात, पिराजवळ.

दौलत भोयरने तळहात पुढे केला. तळहातावर कापूस आणि कापसावर तुरीच्या दाण्याएवढा एक खडा. एक टोक हिरवं, एक टोक गुलाबी. मधला भाग धुळकट.

"काय हाय हे?"

"आर्सेनेट."

"मले समजन असं सांग."

"सोमल माहीत आहे ना? तो प्राणवायूशी जुळून एखाद्या धातूला चिकटला, की असा खडा होतो. फार दुर्मिळ. कॉलेजात आमच्या सरांनीसुद्धा चित्रातच पाहिलाय."

"आन तुले सापडला."

"मला सापडला," दौलत म्हणाला, आणि ताठ बसला.

चाचांनी एक वात तेलात बुडवून बाजूला ठेवली.

"मग अडलं कुठं?"

"हिरव्या टोकात तांबं आहे. गुलाबी टोकात कोबाल्ट. पुस्तकात दोघांना दोन नावं आहेत. अर्ध्याहून जास्त तांबं असलं तर एक, कोबाल्ट जास्त असलं तर दुसरं."

"मग दे दोन नावं."

"खडा एकच आहे, चाचा."

"मग एक दे."

"कोणतं?"

"ते तर तूच मले विचारू रायला."

दौलतने खडा फिरवून पाहिला. आठ दिवस तो हेच करत होता. हिरव्या बाजूने पाहिला की वाटायचं, हा तांब्याचा. जरा तिरपा केला की वाटायचं, छे...

"खरं सांगू?" तो म्हणाला. "मला दोन्ही नावं नको आहेत. मधोमध तांबं आणि कोबाल्ट ठरलेल्या जागी, एकाआड एक बसले असतील, तर ते तिसरंच खनिज. नवं. कुणी न पाहिलेलं. मग त्याला नाव मी सुचवायचं."

"तुहं?"

"स्वतःचं देता येत नाही. वडिलांचं देणार आहे."

चाचांचा हात थांबला.

"लहानूचं?"

"लहानुआइट."

चाचा एवढे हसले की त्यांना खोकला आला. "लहानुआइट! आरं, जिता असता तर पळून गेला असता तो."

दौलत हसला नाही.

"बावीस वर्षं त्यांनी या खाणीत दगड वेचले. कुठे नाव आहे त्यांचं? फाटकावर मालकाच्या आजोबांचंसुद्धा आहे."

चाचांनी डोळे पुसले.

"शहरातल्या प्रयोगशाळेचे लोक तपासायला एकच काप घेणार, मी रेघ ओढेन तिथे," दौलत म्हणाला. "बाकी खडा पुरावा म्हणून अख्खा ठेवावा लागतो. काप चुकला की संपलं. मला मध्य सापडत नाही. तुम्ही वडिलांच्या शेजारी बसून दगड वेचलेत. तुमची नजर..."

"तू काय काय करून पायलं ते सांग पयले."

दौलत भराभर बोलू लागला. हे त्याला पाठ होतं.

"कठीणपणा पाहिला. तांब्याच्या नाण्याने ओरखडा पडत नाही, सुरीने पडतो. कोऱ्या फरशीवर घासला, हिरव्या टोकाने हिरवट रेघ आली, गुलाबी टोकाने फिकट गुलाबी. आकाराच्या मानाने जड आहे. मग एक कण काढून कोळशावर तापवला."

"मग?"

"लसणाचा वास आला. सोमल असला की येतो. पुस्तकात लिहिलंय."

"आन वास आल्यावर तू काय केलं?"

"वहीत लिहिलं."

"त्याच्या पयले."

दौलत गोंधळला. हा काय प्रश्न?

"त्याच्या आधी... मागे वळून पाहिलं."

"काहून?"

"माहीत नाही. कुणीतरी घरी आल्यासारखं वाटलं."

चाचांनी वाती खाली ठेवल्या.

"तुमच्या घरी लसूण कोण खाते?"

"कोणीच नाही. आईच्या गळ्यात माळ आहे. कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नाही."

"आन लहानू?"

दौलतचा आवडता प्रश्न नव्हता हा.

"वडील बाहेर खाऊन यायचे. तोंडाला वास यायचा, कपड्यांना यायचा. आई विचारायची, ते नाही म्हणायचे. खाण्याचं दुःख नव्हतं तिला, खोट्याचं होतं. शेवटी तिने त्यांचं ताट वेगळं केलं. शेणाने सारवताना एक रेघ कोरी सोडायची. रेघेच्या पलीकडे, दाराशी, वडिलांचं ताट. सहा वर्षं ते तिथेच जेवले. गेले तेव्हाही..."

"रेघ हाय अजून?"

"आहे. हाताला सवय झाली म्हणते. पण त्याचा या खड्याशी काय संबंध?"

चाचा उठले. पिराच्या मागून त्यांनी एक बांबूची टोपली आणली. बूड गेलेली, काठ काळा पडलेला.

"आमच्यापुढं तीन टोपल्या असायच्या. एकीत तांब्याचा दगड. दुसरीत फेकायचा. आन ज्याचं कोणालेच समजत नाही, तो हिच्यात. हिले आम्ही काय म्हणो, माहीत हाय?"

"नाही."

"लहानूची. 'टाक बे लहानूच्यात.' बावीस वर्षं. तू नाव द्यायच्या पयलेच तो टोपलीचं नाव होता."

"हा खडा तिथेच सापडला," दौलत पुटपुटला. "तिसऱ्या टोपलीच्या ढिगात."

"सापडनच."

"पण वडिलांना कसं कळायचं? त्यांच्याकडे ना सुरी, ना फरशी, ना पुस्तक."

"दगड ओला केला की रंग बोलते. मी पाण्यात बुडवून पाहो. पाणी वाहून जाये, रंग पळून जाये, मी चुको. लहानू कधी नाही चुकला."

"ते काय करायचे?"

चाचांनी आपली जीभ बाहेर काढून दाखवली.

दौलतने खड्याकडे पाहिलं. मग टोपलीकडे. मग पुन्हा खड्याकडे.

"तुले मध्य पायजे ना?" चाचा म्हणाले. "चाट."

"चाचा, विष आहे हे!"

"लहानूच्या पोराले मध्य पायजे. चाट, सापडन."

हा राग होता की थट्टा, दौलतला कळेना. बावीस वर्षं. रोज किती दगड? आणि आपण एका खड्याला घाबरतो. कापूस खाली पडला. त्याने खडा उचलला, तोंडाजवळ नेला, डोळे मिटले...

ओठांवर काहीतरी खरखरीत आलं.

चाचांचा तळहात होता. त्याचं तोंड त्यांनी घट्ट दाबून धरलं होतं.

"चाट म्हटलं तर चाटते का बे?"

दौलतने मान सोडवून घेतली. "वडील चाटायचेच ना!"

"त्यालेही म्याच म्हटलं होतं."

...

खालून खाणीच्या तोंडातून पारवे उडाले. दोघांनी तिकडे पाहिलं. दोघांनाही पाहायचं नव्हतं.

"पयल्या दिवशी," चाचा म्हणाले. "मले एक दगड समजेना. म्या म्हटलं, चाटून पाय ना, लहानू. मस्करीत म्हटलं. त्यानं चाटला. बरोबर सांगितलं. मग मुकादम खूश, समदे खूश. जो दगड अडला तो लहानूले..."

"तेव्हा माहीत होतं तुम्हाला? विषाचं?"

"कोणाले माहीत होतं? मले तर वाटे, लहानू चोरून लसूणच खाते. तो म्हणे, 'लतीफ, तू तरी सांग ना माह्या बायकोले. म्या खाल्ला नाही.'"

"मग? तुम्ही सांगितलंत?"

"मी हसलो."

दौलत ओट्यावर बसला. खडा त्याच्या मुठीत होता. वडिलांच्या तोंडाला यायचा तो वास याचाच. त्याला वाटलं, रडू येईल. आलं नाही. मग वाटलं, चाचांवर ओरडावं. तेही जमेना. याच खड्याला वडिलांचं नाव द्यायचं? ज्याने त्यांना नेलं त्याला? की त्यालाच द्यायचं, कारण त्याला त्यांच्याइतकं कुणी ओळखलंच नाही? हिरव्या टोकाकडून पाहिलं की एक खरं वाटे. गुलाबी टोकाकडून पाहिलं की दुसरं.

त्याने मूठ आणखी आवळली.

"चाचा, काही समजत नाही मला."

"बरं हाय."

"शहरातले लोक परवा येतील. काप कुठे घ्यायचा ते मला खुणेने दाखवावं लागेल."

चाचांनी लोटा उचलला. दौलतची मूठ उघडली, खडा त्याच्याच तळहातावर राहू दिला आणि त्याचे दोन्ही हात नीट धुऊन दिले. धुताना खडा ओला झाला. क्षणभर मधला धुळकटपणा गेला. आत काहीतरी लखलखलं. जांभळं? तपकिरी? दौलत वाकला. तोवर पाणी ओघळलं होतं.

"दिसलं तुम्हाला? कुठे होता मध्य?"

"मी पाण्यानं पायणारा माणूस. मी चुकतो."

"मग सांगा ना... रेघ कुठे ओढू?"

चाचांनी लोटा पालथा ठेवला.

"पयले घरातली पूस."