बटवा न आणलेली बाई

एकदा एका खाणीच्या गावात एक तरुण अधिकारी आला. तिथली बँकेची शाखा बंद करावी की ठेवावी, हे ठरवण्यासाठी मोठ्या कचेरीने त्याला पाठवले होते. शाखेचा व्यवस्थापक वृद्ध होता, निवृत्तीला आलेला. तरुणाला कामाचे पहिले धडे त्यानेच दिले होते, म्हणून तो त्याला गुरू मानी.

"सर, गावात प्रत्येकाकडे फोन आहे," तरुण म्हणाला. "शाखा कशाला हवी?"

"बस इथे," वृद्ध म्हणाला. "दिवसभर बघ."

दुपारी एक बाई आली. नवरा खाणीत दरड कोसळून गेला होता. दिवसकार्य होऊन गेले होते, आणि त्याची भरपाई नुकतीच तिच्या खात्यावर जमा झाली होती. सोबत तिचा दीर होता, खाणीवर टिपर चालवणारा. बोलला तोच.

"वहिनींच्या खात्यातली रक्कम माझ्या खात्यावर करायची आहे. फोनवरून करत होतो, पण तो म्हणतो, एवढ्या मोठ्या रकमेला शाखेत या."

"सगळी?" वृद्धाने बाईला विचारले.

"सगळी," दीर म्हणाला. "दोन पोरं तिची, आता आमच्याच ताटात जेवणार. माझ्याकडे पैसा काय आणि तिच्याकडे काय?"

"ताई, मी तुम्हाला विचारलं."

बाईने मान हलवली. हो की नाही, ते कळले नाही.

"अहो, मुकी आहे का ती?" दीर हसला. "सांगा ना वहिनी."

"भाऊजी म्हणतात तसं करा," बाई म्हणाली.

वृद्धाने तिच्याकडे नीट पाहिले. मग पुढ्यातल्या पडद्याकडे पाहिले आणि म्हणाला, "लिंक नाही."

तरुण चमकला. पडदा त्यालाही दिसत होता. यंत्र उत्तम चालू होते. तो काही बोलणार, तेवढ्यात वृद्धाने टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

"आत्ता आमच्या आधीच्या माणसाला पैसे दिलेत की," दीर म्हणाला.

"तेव्हा होती. आता गेली."

"कधी येईल?"

"यंत्राचं कोण सांगणार?"

दिराने काउंटरवर हात आपटला. "बघतो मी. तक्रार करीन. पुढच्या महिन्यात ही शाखाच उठणार आहे म्हणे. मग फोनवरच होईल सगळं. तुमची गरजच राहणार नाही."

"करा तक्रार. शाखा सकाळी दहाला उघडते. खातेदार आला की पुरे."

"सकाळी माझ्या फेऱ्या असतात. दुपारी येतो." तो बाईला घेऊन निघून गेला. जाताना बाईने एकदा मागे वळून पाहिले.

दार लागताच तरुण उठला. "सर, हे खोटं होतं. ती हो म्हणाली होती. तिचा पैसा अडवणारे आपण कोण?"

"तिच्या कमरेला बटवा होता का?"

तरुणाला आठवेना.

"नव्हता," वृद्ध म्हणाला. "या गावातली बाई स्वतःच्या पैशाच्या कामाला निघाली की बटवा खोचून निघते. बँकेत, बाजारात, सोनाराकडे. पैसे आणायचे नसले तरी खोचते, शकुन म्हणून. आज ती रिकाम्या कमरेने आली. हे काम तिचं नव्हतं."

"मग तसं तोंडावर सांगायचं होतं."

"आणि संध्याकाळी ती घरी कुणाच्या समोर उभी राहिली असती? 'मी नको म्हटलं', असं तिला तिथे सांगता येत नाही. लिंक नव्हती, असं सांगता येतं. यंत्रावर कुणी हात उगारत नाही. मी तिला फक्त एक रात्र दिली. उद्या बटवा खोचून आली आणि म्हणाली, सगळे दिराला द्या, तर मी देईन."

"आणि आलीच नाही तर?"

ते वृद्धालाही ठाऊक नव्हते.

तरुणाला धड झोप लागली नाही. सकाळी तो लवकर शाखेत आला. दहा वाजले. शटर वर गेले. बाहेर कुणी नव्हते. अर्धा तास गेला. वृद्ध पेन हातात धरून बसला होता, लिहीत नव्हता. मग पायरीवर चप्पल वाजली. बाई एकटी होती. कमरेला बटवा होता.

"साहेब, लिंक आली?"

"आली, ताई. बोला."

तिने सांगितले, "भाऊजींनी दिवसकार्याला खर्च केला, तेवढे त्यांना द्या. बाकीचे पोरांच्या नावाने ठेवीत टाका. मला विचारल्याशिवाय निघणार नाहीत, असे ठेवा."

वृद्धाने काही विचारले नाही. काम केले.

दुपारी दीर आला. वृद्ध जागेवरून उठला आणि त्याने तरुणाला काउंटरवर बसवले.

"आली का लिंक?"

"आली," तरुण म्हणाला. "वहिनी येऊन गेल्या."

"काय सांगितलं तिने?"

तरुणाने पडदा आपल्याकडे वळवला. "खातं त्यांचं आहे. ते त्यांना विचारा."

दीर वळून निघून गेला.

तरुणाने वृद्धाकडे पाहिले. वृद्ध पाणी पीत होता.

"सर, शाखा ठेवा असं लिहितो. पण कारण काय लिहू? बटवा म्हटलं तर हसतील."

"हसू दे," वृद्ध म्हणाला. "लिही."

फोन हाताशी असावा, काम झटपट होते. पण ज्याला घरात नाही म्हणता येत नाही, त्याच्यासाठी गावात एक दार उघडे असावे, आणि त्या दारात माणूस बसलेला असावा.