किटलीबाईंचा कप

भांडी बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. जर्मनीतली जुनी चिनीमातीची भांडी जमवणाऱ्या आबांच्या काचेच्या कपाटात सोनेरी वेलबुट्टीची एक किटली राहायची. आपला इवलासा कप फुटेल, या काळजीने तिच्या डोळ्याला डोळा लागत नसे. दोनशे वर्षांत तिने त्याला बशीवरून हलू दिलं नव्हतं. आपलं जरा अतीच होतंय, हे तिलाही कळायचं.

एके सकाळी आबांची नात मृण्मयी आली. "आबा, भातुकलीला हा कप नेऊ?"

"ने गं, पण जपून हं!"

किटलीचं झाकण थरथरलं.

दुपारी कप परतला. कानाचा टवका उडालेला, पोटात गूळपाणी चिकटलेलं.

"लागलं ना शेवटी! दुखतंय का रे बाळा?"

"आई, उद्या तूही चल ना! भातुकलीत किटलीच नाहीये."