उंबरांच्या बदल्यात मीठ

माणूस कुंपण घालायला शिकला, त्याच्याही आधीची ही गोष्ट. रानातल्या सगळ्यांनी मिळून रान आणि त्यातली उंबरांची राई गव्याला राखायला दिली होती. एकदा वानर त्याला म्हणाला, “सगळ्यांची राई म्हणून कुणी बघत नाही, येईल तो फांद्या मोडतो. मला देऊन टाका, नीट सांभाळीन. बदल्यात माझा मिठाचा खडक घ्या.”

गव्याला मीठ फार प्रिय. त्याने राई दिली.

वानराने राई खरंच छान राखली. एक फांदी मोडू दिली नाही. फळं खातो म्हणून धनेश पक्ष्यालाही हाकललं. धनेश ओढ्यापलीकडे राहायला गेला.

वर्षं गेली. म्हातारे उंबर कोसळू लागले, पण राईत नवं रोप उगवेना. पलीकडे मात्र, दूरदूरची उंबरं खाऊन धनेश जिथे बसायचा, तिथे त्याच्या शिटेतून कोवळी रोपं दाटली होती.

वानर पुन्हा आला. “ती रोपंही मला द्या.”

“ती धनेशामुळे उगवली आहेत,” गवा म्हणाला.

“असू देत. रान तर तुमच्याच हातात आहे ना?”

गवा सवयीने खडकाकडे वळला. चाटून चाटून तिथे नुसता खड्डा उरला होता, आणि त्याची वासरं त्यात अजून तोंड घालत होती.